एक्केचाळीस जणांचं फोल्डर

हडपसर, ६ जानेवारी २०२५

ऋतुजा,

नावाआधी काय लिहावं ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. तुझा फोन लागत नाही. निदान माझ्या नंबरावरून लागत नाही. दुसऱ्याच्या फोनवरून मी लावून पाहिलेला नाही. पत्ता तुझ्या जुन्या आधार कार्डाच्या झेरॉक्सवर मिळाला. लोणी काळभोरला त्याच घरी, आईजवळ राहतेस असं धरून चालते.

काम असं आहे. मी दुकान बंद करतेय. गाळा दत्तप्रसाद घेतोय, गाडीतळावर मोबाइलच्या दुकानात बसायचा तो. झेरॉक्स चालू ठेवणार आहे आणि आपला जुना कॉम्प्युटरही त्याला हवाय, कारण त्यातले मराठी फॉन्ट आणि लग्नपत्रिकांची डिझाइन्स नव्या मशीनवर चालत नाहीत. त्याने एकच अट घातली. "मॅडम, फॉरमॅट मारू नका, पण लोकांचं सामान तेवढं काढून द्या. कोणाचं पॅन कार्ड, कोणाचा भाडेकरार, उद्या माझ्या गळ्यात नको." बरोबर आहे त्याचं.

चार दिवस तेच करते आहे. बायोडेटा, प्रकल्प-अहवाल, बारशाच्या पत्रिका, तहसील कचेरीतले अर्ज. बहुतेक सगळं मुकाट्याने गेलं. तुझ्या लॉगिनखालचं एक फोल्डर जात नाही. 'रविवार' असं त्याचं नाव आहे. आधी सांगत होतं की फोल्डर वापरात आहे, ते बंद करून पुन्हा प्रयत्न करा. काहीही उघडं नव्हतं. मशीन बंद करून चालू केलं. आता म्हणतंय की यात बदल करायचा तर ऋतुजाची परवानगी लागेल.

तेव्हा तुझा पासवर्ड कळव. पोस्टकार्ड चालेल. त्यात तुझं काही घरगुती असेल तर तेही कळव, पेनड्राइव्हवर घालून पाठवीन. नसेल तर पुसून टाकते.

बाकी ठीक.

ललिता


हडपसर, १६ जानेवारी २०२५

ऋतुजा,

पत्र आठ तारखेला पोचल्याचं पोस्टाच्या वेबसाइटवर दिसतंय. उत्तर नाही. ठीक आहे.

पासवर्डची गरज नव्हती हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मशीनची ॲडमिन मी आहे. फोल्डरची मालकी आपल्या नावावर करून घेता येते. प्रॉपर्टीजमध्ये जायचं, सिक्युरिटी उघडायचं, मालकाच्या जागी आपलं नाव घालायचं. दोन मिनिटांचं काम. मला ते पहिल्यापासून येतं. मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. विचारायची पद्धत असते म्हणून.

सोमवारी मालकी बदलली. हिरवी पट्टी पाच मिनिटं सरकत राहिली आणि मग नवीनच तक्रार आली: नाव फार लांब आहे, पुसता येत नाही. हे मात्र तुझं काम. 'रविवार' उघडलं तर आत 'तात्याराव मेश्राम यांच्या आठवणी'. त्यात 'टाइप झालेले'. त्यात 'दुरुस्तीनंतरचे'. त्यात 'तात्यांनी पुन्हा सांगितलेल्या दुरुस्तीनंतरचे'. त्यात 'अंतिम'. त्यात 'अंतिम म्हणजे खरंच अंतिम'. आणि त्याच्या आत प्रत्येक माणसाचं वेगळं फोल्डर, पूर्ण नावाचं, गाव-जिल्ह्यासकट. सगळी नावं एकापुढे एक जोडली की अडीचशेच्या वर अक्षरं होतात. तिथे हे मशीन हात टेकतं.

उपाय सोपा आहे. वरून सुरुवात करायची आणि एकेक नाव छोटं करत आत जायचं. 'क', 'ख', 'ग' केलं तरी चालतं. फक्त त्यासाठी प्रत्येक नाव वाचावं लागतं.

पहिली काही वाचली, बाकीची नुसती मोजली. एक्केचाळीस आहेत. तात्यारावांनी फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर बारा वर्षं पुण्यात घरोघर फिरून ज्या म्हाताऱ्या माणसांना छप्पन सालच्या दीक्षेची आठवण विचारली होती, तीच एक्केचाळीस. भंडारा, चंद्रपूर, नागपूरकडून पोटासाठी इकडे आलेली. तुला हे सांगायची गरज नाही, त्यांच्या वह्यांवरून तूच दोन वर्षं टाइप करत होतीस. मी मला सांगते आहे.

शेवटच्या फाइलवर तारीख आहे १२ मे २०१९. रविवार.

महिनाअखेरीला गाळ्याची किल्ली द्यायची आहे. त्याआधी तुझं काही आलं नाही तर उरलेली नावं छोटी करून पुसून टाकीन.

ललिता


हडपसर, २३ जानेवारी २०२५

ऋतुजा,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचलं असतं तर टाकलं नसतं. पत्रं मी वाचून न पाहता पाकिटात घालते. प्रूफं मात्र तीनदा वाचायचे.

काय झालं ते सांगते. परवा दुपारी नावं छोटी करत बसले होते. बावीस झाली. तेविसावं 'यमुनाबाई गजभिये, पवनी, जिल्हा भंडारा'.

आईने तात्यारावांना आठवण सांगितली होती हे मला माहीत नव्हतं. ती जाऊन चार वर्षं झाली. तू ते टाइप केलंस आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मला एका शब्दाने बोलली नाहीस. आधी राग आला. मग फाइल उघडली.

चार पानं आहेत. तू तिची भाषा बदललेली नाहीस, ते बरं केलंस. "पांढरं लुगडं एकच होतं घरात. पहिल्या दिवशी जाऊ नेसली अन् गेली. मी लेकरं धरून मागे राहिली. ती आल्यावर धुतलं. दुसऱ्या दिवशी तेच नेसून मी गेली. वाळलं नव्हतं. अंगाला चिकटे. पण मंग लोकं पाहून विसरली." शेवटी तात्यारावांनी विचारलंय, घरी कोणाला सांगितलं का. "ललितीले नाही सांगितलं. तिनं कधी विचारलंच नाही."

मी सोळा वर्षं लोकांच्या आठवणी, लोकांचे प्रबंध, लोकांची आत्मचरित्रं छापली. घरी आई होती.

फाइल बंद केली. त्यानंतर पुसायचं काम थांबलं आहे.

आता १४ मेचं. तुला माहीत आहे, पण मी कधी सांगितलेलं नाही.

त्या मंगळवारी डी ड्राइव्ह भरून लाल झाला होता. एका संस्थेचा वार्षिक अहवाल पाचपर्यंत द्यायचा होता आणि मशीन सेव्ह करू देईना. तू मंडईजवळच्या कागदवाल्याकडे गेली होतीस. मी जागा करायला बसले. माझ्या बाजूला दोन फोल्डर होती, 'तात्या' आणि 'तात्या जुने'. मी घाईत होते. शिफ्ट दाबून डिलीट केलं, म्हणजे ते कचऱ्याच्या डब्यातही जात नाही. नक्की ना, असं मशीनने विचारलं. मी हो म्हटलं. त्या दिवशी कोणाची परवानगी लागली नाही की नाव लांब झालं नाही. दोन सेकंदांत गेलं. नंतर दिसलं की 'तात्या जुने' जागेवरच आहे. त्यात नुसतं मुखपृष्ठ होतं.

चार वाजता तात्याराव आले. "ललिताताई, प्रिंट कधी काढायची?" त्यांच्या वह्या तोवर रद्दीत गेल्या होत्या. घर बदलताना त्यांच्या सुनेने मला फोन करून विचारलं होतं, वह्या ठेवू का. मी म्हटलं होतं, कशाला, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे.

तू साडेचारला आलीस. मधल्या अर्ध्या तासात मी तात्यारावांना म्हटलं होतं की कॉम्प्युटरचं सगळं ऋतुजा बघते. हे खोटं नव्हतं. तू पिशवी ठेवलीस तेव्हा मी त्यांच्यासमोर विचारलं, "ऋतुजा, तात्यांचं फोल्डर तू काढलंस का?" हाही नुसता प्रश्न होता. सहा वर्षांत मी तो बऱ्याचदा तपासून पाहिला आहे. त्यात आरोप नाही. पण आरोप झाला, आणि मी तो होऊ दिला.

तू म्हणालीस, "नाही ताई, मी नाही काढलं. पण माझ्या लॉगिनमध्ये कॉपी असेल, मी रविवारची घेऊन ठेवते. मला बघू द्या." आणि मी म्हटलं, "आता माझ्या मशीनला हात लावायचा नाही."

तेवढंच म्हटलं. तू तात्यारावांकडे बघितलंस, मग किल्ली काउंटरवर ठेवलीस. अकरा वर्षांत तू किल्ली कधी विसरली नव्हतीस. त्या संध्याकाळी मी तुझं लॉगिन बंद केलं.

बघू का दिलं नाही, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता येतं. कॉपी सापडली असती तर तू काळजी घेणारी ठरली असतीस आणि मी हलगर्जी. तात्याराव समोर बसले होते. इतकं लहान कारण आहे. दुसऱ्या दिवशी उघडावं असं मनात आलं. पण तोवर मी चौघांना सांगून बसले होते की ऋतुजाने तात्यांचं पुस्तक घालवलं. आठवड्याने उघडणं आणखी अवघड झालं. पहिल्या दिवशी सापडलं असतं तर ती चूक होती. महिन्याने सापडलं असतं तर त्याला दुसरा शब्द लावावा लागला असता. म्हणून कॉपी नसेलच असं मी धरून चालले. त्यानंतर रोज सकाळी मशीन चालू केलं की तुझं नाव राखाडी अक्षरांत दिसायचं.

दत्तप्रसादने सामान काढायला सांगितलं तेव्हा मी सगळ्यात आधी तुझंच फोल्डर पुसायला घेतलं होतं. चार दिवस बाकीचं काढल्यावर हे राहिलं, असं पहिल्या पत्रात लिहिलं ते खरं नाही.

ललिता


हडपसर, ५ फेब्रुवारी २०२५

ऋतुजा,

एकतीस तारखेला किल्ली दिली नाही. दत्तप्रसादला म्हटलं, काम राहिलंय. तो म्हणाला, "मॅडम, सोळा वर्षं चाललेलं काम सोळा दिवसांत संपणार होतं का? घ्या अजून." त्याने समोरच्या बाजूला मोबाइलची कव्हरं लावायला सुरुवात केली आहे. मी मागच्या कोपऱ्यात बसते.

एक्केचाळीसही फाइली छापल्या. दोनशे सहा पानं. शनिवारी सकाळी तात्यारावांकडे गेले. दुकानापासून चालत बारा मिनिटांवर घर. सहा वर्षांत गेले नव्हते. रस्त्यात लांबून दिसले तर पलीकडच्या बाजूने जायचे. अलीकडे ते दिसेनासे झाले होते, तेव्हा मला जरा बरंच वाटलं होतं. हेही लिहून टाकते.

दार त्यांच्या नातीने उघडलं. निकिता. खराडीला कंपनीत आहे म्हणाली.

"कोण आपण?"

"ललिता गजभिये. डीटीपीवाली."

तिने आत वळून सांगितलं, "आजोबा, त्या आल्यात." 'त्या' कोण, हे घरात ठरलेलं होतं.

तात्यारावांना आता दिसत नाही. उजेड-अंधार कळतो तेवढंच. त्र्याऐंशी पूर्ण झालीत. खुर्चीवर ताठ बसले होते, पांढरा सदरा, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. "बसा," म्हणाले. "निकिता, चहा ठेव."

"पुस्तक आणलंय," मी म्हटलं.

"कोणतं?"

"तुमचं. एक्केचाळीस जणांचं."

त्यांनी हात पुढे केले. गठ्ठा मांडीवर घेतला, कडेने अंगठा फिरवला. नंतर विचारलं, "वामन खोब्रागडे?"

"आहे."

"सखुबाई शेंडे?"

"आहे."

"गोविंदा वासनिक, चिमूरवाला?"

"आहे."

हजेरी घेतल्यासारखी नावं घेत गेले. मी आहे, आहे म्हणत गेले. बरीच झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ते फक्त मेलेल्यांची नावं घेत आहेत. चहा आला तोवर सत्तावीस झाली होती. सगळ्यात शेवटी "यमुनाबाई?" म्हणाले.

"आहे. वाचलं."

"मग हे होतं कुठं?"

"ऋतुजाच्या लॉगिनमध्ये. ती दर रविवारी कॉपी ठेवायची."

"अन् पुसलं कोणी होतं?"

"मी."

"हं," म्हणाले. बशीत चहा ओतला, तो त्यांना बरोबर ओतता येतो. पिऊन झाल्यावर म्हणाले, "ते माहीत होतं मला."

"ऋतुजा बोलली?"

"ती? सहा वर्षांत तिनं तुमचं नाव नाही घेतलं माझ्यापुढे. एकदाही नाही. पहिल्या दिवशी म्हणाली, 'तात्या, मी नाही पुसलं,' बस. कोणी पुसलं ते सांगत नव्हती. माणूस उगीच कोणाला इतकं झाकत नाही, ललिताताई. त्यावरून समजलं."

सहा वर्षांत, म्हणजे काय, असं मी विचारलं. तेव्हा निकिताने सांगितलं. 'ऋतुजा मावशी' म्हणते ती तुला.

तू त्याच मे महिन्याच्या शेवटी वही घेऊन त्यांच्याकडे आलीस आणि म्हणालीस, जे जिवंत आहेत त्यांच्याकडे पुन्हा जाऊ. एक्केचाळीसपैकी चौदा उरले होते. तेव्हापासून दर रविवारी लोणीहून बस धरून येतेस. दापोडी, येरवडा, जिथे असतील तिथे तात्यारावांना रिक्षात घालून नेलंस. त्यांची नजर गेल्यावर एकटी जायला लागलीस. गेलेल्या सत्तावीस जणांचं जे काही तात्यारावांना आठवेल ते उतरवून घेतलंस. कुणाच्या पाच ओळी झाल्या, कुणाचं दीड पान. सखुबाई शेंडेंच्या नावापुढे नुसतं 'खूप हसायच्या' एवढंच आहे.

निकिताने वह्या आणून दाखवल्या. चौदा जणांत आईपण आहे. सप्टेंबर २०१९. आमच्याच घरी, दुपारी, मी दुकानात असताना. ती त्यानंतर सव्वा-दीड वर्ष माझ्यासोबत राहिली, रोज एकत्र जेवायचो. बोलली नाही. तुला काढल्याबद्दलही कधी विचारलं नाही. मला वाटायचं, म्हातारपणी लक्षात राहत नसेल.

तू प्रश्नही लिहून ठेवतेस हे बरं आहे. आईने सुरुवातीलाच विचारलंय, "पहिलं सांगितलेलं कुठं गेलं बाई?" तुझं उत्तर लिहिलं आहे, "हरवलं, आजी." आणि मग आई पुन्हा लुगड्यापासून सांगायला लागते.

निकिता वाचत होती. तात्याराव गठ्ठ्यावर हात ठेवून बसले होते. त्यांनी मला ओरडावं असं मला वाटत होतं का ते सांगता येत नाही. ते ओरडले नाहीत. निघताना म्हणाले, "सत्तावीस माणसं सहा वर्षं तुमच्या दुकानात कोंडलेली होती. त्यांच्या घरचे बरेच लोक वाट पाहून गेले. हे भरून निघत नाही. तुम्ही रडूबिडू नका इथं." मी रडत नव्हते. तसं सांगितलं नाही.

जिन्यापर्यंत निकिता आली. म्हणाली, "उद्या मावशी येणार आहे. तुम्ही उद्या येऊ नका, प्लीज." मी बरं म्हटलं.

ललिता


हडपसर, २६ फेब्रुवारी २०२५

ऋतुजा,

तू रविवारी येतेस, मी शनिवारी जाते. तुझ्या खुणा केलेल्या वह्या निकिता टेबलावर ठेवते, मी नेते, टाइप करून पुढच्या शनिवारी ठेवते. असं तीन आठवडे काम झालं. तू माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांना उत्तर देत नाहीस, पण त्यात विचारलेलं वहीत दुरुस्त केलेलं असतं. चालतं.

मोठा प्रश्न होता की चौदा जणांच्या दोन-दोन आठवणी झाल्या आहेत, कुठली घ्यायची. आईच्या पहिल्या सांगण्यात लुगडं ओलं आहे. दुसऱ्यात म्हणते, वाऱ्यावर धरून दोघी जावांनी वाळवलं, कोरडं होऊन गेलं. मी तात्यारावांना विचारलं, खरं कोणतं धरायचं. ते म्हणाले, "दोन्ही छापा. आपण कोण ठरवणार?" म्हणून दोन्ही घेतलं आहे, तारखा घालून, एकापुढे एक.

सखुबाई शेंडेंची पहिली आठवण नऊ पानांची आहे. त्याखाली तुझी ती एक ओळ तशीच ठेवली आहे.

प्रस्तावना तात्यारावांनी तोंडी सांगितली, मी घेतली. संपत आली तेव्हा म्हणाले, "पुस्तक इतकं उशिरा का, हे लोक विचारतील. ते लिहा."

"काय लिहू?"

"झालं ते. तुम्ही शब्द घाला अन् मला वाचून दाखवा."

सोपं काम नव्हतं. मी लोकांची निवेदनं, माफीपत्रं, कोर्टात द्यायचे खुलासे आयुष्यभर टाइप केले. त्यातली वाक्यं आपोआप येतात. 'तांत्रिक कारणास्तव' असं आधी लिहिलं. खोडलं. 'अनवधानाने' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी तीन वाक्यं राहिली:

'मे २०१९ मध्ये या पुस्तकाची टाइप केलेली प्रत ललिता गजभिये यांनी चुकून पुसली. त्याचा दोष ऋतुजा काळभोर यांच्यावर गेला. काळभोर यांनी जपून ठेवलेल्या प्रतीवरून आणि त्यांनी पुन्हा जाऊन घेतलेल्या मुलाखतींवरून हे पुस्तक तयार झाले आहे.'

तात्यारावांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "ऋतुजाला पाठवा. प्रूफ ती बघते," एवढंच.

तेव्हा सोबत पूर्ण प्रूफ आहे, दोनशे सत्तर पानं. पेनड्राइव्हपण आहे, त्यात तुझं 'रविवार' फोल्डर. मी बदललेली नावं पुन्हा तू ठेवली होतीस तशी करून दिली आहेत. कॉपी करताना लांबीमुळे पुन्हा अडलं, म्हणून आधी झिप करावं लागलं. उघडताना पेनड्राइव्हवरच उघड, आणखी कुठल्या फोल्डरच्या आत घेऊ नकोस. तशीच एक प्रत निकिताकडे, एक माझ्याकडे.

तुला अकरा वर्षांत मी कधी प्रूफाची मुदत दिली नव्हती. आताही देत नाही.

ललिता


हडपसर, १८ मार्च २०२५

ऋतुजा,

प्रूफ काल पोस्टाने आलं. सोबत चिठ्ठी नव्हती. पाकीट झटकून पाहिलं.

दुरुस्त्या सगळ्या घेतल्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या बहुतेक माझ्या चुका आहेत, डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. चिमूरवाल्या वासनिकांच्या आठवणीत मी एक पूर्ण ओळ गाळली होती, ती तू समासात लिहिलीस. आईच्या पानावर मी 'ललितीले' चं 'ललिताला' केलं होतं. तू पुन्हा 'ललितीले' केलंस. ते राहू दिलं आहे.

मशीनवरचं फोल्डर आज पुसलं. जिथे हवं तिथे ते आता आहे, आणि दत्तप्रसादला उद्या किल्ली द्यायची आहे. तो म्हणाला, कधीमधी पत्रिकेचं काम आलं तर येऊन बसा. बघू.

पहिल्या प्रती तात्यारावांच्या घरी येतील. चौदातले आता पाच जण आहेत. त्यांना बोलवायचं म्हणून निकिता गाड्यांचं बघते आहे. कार्यक्रम रविवारी ठेवलाय. मला विचारलं होतं, मी म्हटलं, माझं नक्की नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिलं, तुझ्याकडून काही हवंय म्हणून नाही.

आता शेवटची दुरुस्ती, कारण ती घेतली की नाही हे तुला कळायला हवं. पान पाच. 'त्याचा दोष ऋतुजा काळभोर यांच्यावर गेला.' तू 'गेला' लाल पेनाने खोडून वर 'टाकला' लिहिलं आहेस, आणि त्याला कर्ता लागतो म्हणून 'दोष' च्या पुढे खूण करून 'त्यांनी' घातलं आहेस. प्रूफाच्या दृष्टीने अगदी नीट. मी ते वाक्य लिहिताना अर्धा दिवस बसले होते आणि मला ते क्रियापद सुचलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

त्याच्या वरच्या ओळीत 'चुकून' आहे. तिथे मी बराच वेळ बघत राहिले. तू ते खोडलेलं नाहीस. त्याच्याखाली पेनाचा एक लाल ठिपका आहे, म्हणजे पेन तिथे टेकला होता आणि मग उचलला.

दुरुस्ती घेतली. वाक्य आता असं आहे: 'त्याचा दोष त्यांनी ऋतुजा काळभोर यांच्यावर टाकला.' दुपारी छपाईला दिलं.

ललिता